कोरियन येतं? मग सांगा, कितव्या पायरीवर?

प्रत्येक कट्ट्यावर हल्ली असा एक जण तरी सापडतोच. के-ड्रामा सबटायटल न लावता बघतो, ग्रुपवर 'देबाक' आणि 'ह्वाइटिंग' टाकतो, वहीच्या मागच्या पानावर हंगुल अक्षरांत स्वतःचं नाव लिहितो. त्याला विचारा, 'कोरियन येतं का रे तुला?' तो म्हणणार, 'येतं की थोडंफार.' गंमत इथेच आहे. हे 'थोडंफार' म्हणजे नक्की किती? कोरियातल्या विद्यापीठात प्रवेश हवा असेल, स्कॉलरशिप हवी असेल किंवा कोरियन कंपनीत नोकरी हवी असेल, तर 'थोडंफार' हे उत्तर चालत नाही. तिथे आकडा लागतो. एक ते सहा यांपैकी एक.

हा आकडा देणारी परीक्षा म्हणजे टोपिक, अर्थात 'टेस्ट ऑफ प्रोफिशिएन्सी इन कोरियन'. पण खरी गोम अशी की हा आकडा खिशात घालून तुम्ही सोलला पोचलात, तरी तिथली भाषा संस्था तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पुन्हा परीक्षेला बसवू शकते. 'अहो, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे!' असं म्हणून तिथे सुटका होत नाही. कारण या दोन परीक्षा दोन वेगळे प्रश्न विचारतात, आणि त्यांतला फरक कळला नाही तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

ही प्लेसमेंट वेगळी

आपल्याकडे 'प्लेसमेंट' म्हटलं की डोळ्यांसमोर पॅकेज येतं. भाषेच्या जगातली प्लेसमेंट टेस्ट म्हणजे तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी. तिच्यात पास-नापास नसतं. तिचा प्रश्न एवढाच असतो : तुझं शिकणं उद्या सकाळी कुठून सुरू करायचं?

टोपिकचा प्रश्न वेगळा. तू कुठल्याही संस्थेत शिकला असशील, कुठलंही पुस्तक वापरलं असशील, घरी यूट्यूब बघून शिकला असशील. आज तुला किती येतं ते दाखव. एक परीक्षा तुमच्यासाठी असते, दुसरी तुमच्याबद्दल इतरांना सांगण्यासाठी. एकीत जास्त गुण मिळाले म्हणून फायदा होईलच असं नाही. दुसरीत मात्र एकेका गुणाला किंमत आहे.

टोपिकचं गणित

ही परीक्षा १९९७ साली सुरू झाली, तेव्हा जेमतेम २,७०० जण बसले होते. आता वर्षाला लाखो जण बसतात. कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाखालची 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर इंटरनॅशनल एज्युकेशन' ही संस्था ती घेते. आजचा तिचा साचा २०१४ पासूनचा आहे.

परीक्षा दोन आहेत. टोपिक-१ मध्ये पहिली आणि दुसरी पातळी. त्यात ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, एकूण २०० गुण. ८० मिळाले की पहिली पातळी, १४० मिळाले की दुसरी. लिहायचं काही नाही, पर्यायांचे गोल रंगवायचे. पहिल्या पातळीसाठी साधारण ८०० शब्द आणि दुसरीसाठी दीड ते दोन हजार शब्द यावेत अशी अपेक्षा असते.

टोपिक-२ मध्ये तिसरी ते सहावी पातळी. ऐकण्याचे ५० प्रश्न ६० मिनिटांत, लेखनाचे चार प्रश्न ५० मिनिटांत आणि वाचनाचे ५० प्रश्न ७० मिनिटांत. प्रत्येक भागाला १०० प्रमाणे ३०० गुण. १२० ला तिसरी, १५० ला चौथी, १९० ला पाचवी आणि २३० ला सहावी पातळी. हे आकडे कागदावरच्या परीक्षेचे आहेत. २०२३ पासून संगणकावरचीही परीक्षा सुरू झाली आहे आणि तिची प्रश्नसंख्या वेगळी आहे. अर्ज भरताना आपण कुठली देतोय ते बघून घ्या.

११९ म्हणजे शून्य

आता कॉलेजमधल्या मुलामुलींचं हमखास गोंधळाचं ठिकाण. टोपिक-१ द्यायची की थेट टोपिक-२?

बरेच जण म्हणतात, 'पहिली-दुसरी पातळी कुणी विचारत नाही, डायरेक्ट टोपिक-२ देऊ. तिसरी नाही मिळाली तर दुसरी तरी मिळेल.' हा समज साफ चुकीचा आहे. टोपिक-२ मध्ये ११९ गुण मिळाले तर तुम्हाला दुसरी पातळी मिळत नाही, पहिलीही मिळत नाही. कुठलीच पातळी मिळत नाही. वर्षभराची मेहनत, फी, प्रवास करून हातात काय? तर 'अनुत्तीर्ण'. तोच विद्यार्थी टोपिक-१ ला बसला असता तर दुसरी पातळी आरामात घेऊन आला असता.

उलट बाजूही आहे. ज्याला तिसरी पातळी झेपते त्यानं भीतीपोटी टोपिक-१ दिली, तर २०० पैकी २०० मिळवूनही सर्टिफिकेटवर 'दोन' याच्या वर काही येणार नाही. कोरियात ही परीक्षा वर्षातून अनेकदा होते, भारतात मात्र मोजक्या वेळा आणि मोजक्या शहरांत. संधी हुकली की पुढच्या फेरीची वाट बघणं आलं.

मग ठरवायचं कसं? जुन्या प्रश्नपत्रिका टोपिकच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात, ऐकण्याच्या ध्वनिफितींसकट. घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण पेपर सोडवा. एकदा नाही, दोन-तीनदा. टोपिक-२ मध्ये सलग १४०च्या आसपास मिळत असतील तर बिनधास्त बसा. ११५-१२५ मध्ये झोके खात असाल तर परीक्षेच्या दिवशीचं टेन्शन धरून काय होईल याचा अंदाज तुम्हालाच येईल.

सारखाच आकडा, वेगळी माणसं

या गुणांच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. टोपिकमध्ये प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागत नाही, फक्त बेरीज बघतात. समजा, एका मुलीनं ऐकण्यात ६० आणि वाचनात ६० मिळवले, लेखनाचा कागद जवळपास कोरा ठेवला. झाली तिची तिसरी पातळी. दुसऱ्या मुलानं तिन्ही भागांत ४०-४० मिळवले. त्याचीही तिसरीच. सर्टिफिकेटवर पातळीच्या रकान्यात दोघांचा आकडा एकच. पण एकीला एक परिच्छेद लिहिता येत नाही आणि दुसऱ्याला वेगानं बोललेलं अर्धंच कळतं.

त्यात मुख्य टोपिकमध्ये बोलणं तपासलं जातच नाही. बोलण्याची वेगळी परीक्षा २०२२ च्या शेवटी सुरू झाली, पण ती स्वतंत्र आहे. म्हणजे तोंडातून एक कोरियन वाक्य न काढता सहावी पातळी मिळवणं निदान कागदावर तरी शक्य आहे.

कोरियातल्या विद्यापीठांना हे चांगलं माहीत आहे. म्हणून तर त्यांच्या भाषा संस्था स्वतःची चाचणी घेतात.

सोलमधला पहिला आठवडा

कोरियातल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांना जोडून भाषा संस्था असते. योनसेई विद्यापीठाची संस्था १९५९ पासून चालू आहे. सोगांग विद्यापीठाची संस्था बोलण्यावर भर देण्याबद्दल ओळखली जाते. नियमित अभ्यासक्रमाचं साधारण गणित असं : एक सत्र दहा आठवड्यांचं, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास. म्हणजे एका पातळीला २०० तास. वर्षात चार सत्रं.

सत्राआधीच्या प्लेसमेंट टेस्टमध्ये आधी लेखी भाग असतो. व्याकरण, वाचन आणि एखाद्या विषयावर चार ओळींपासून पानभरापर्यंत जमेल तेवढं लिहिणं. मग एक शिक्षक समोर बसून बोलतो. नाव काय, कुठून आलात, कोरियन का शिकताय इथपासून सुरू होतं आणि तुम्ही उत्तरं देत गेलात तसे प्रश्न अवघड होत जातात. काल काय केलंत? तुमच्या गावाची इथल्या शहराशी तुलना करा. एखाद्या सामाजिक प्रश्नावर तुमचं मत काय? जिथे तुम्ही अडखळता, तिथेच कुठेतरी तुमचा वर्ग असतो.

आपली परीक्षेची सवय इथे आडवी येते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, काहीही करून मार्क काढा. त्यामुळे काही जण या मुलाखतीसाठी पाठ केलेली भारी वाक्यं घेऊन जातात. समजा ती चालली आणि दुसऱ्या पातळीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गात बसवलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता शिक्षिका फक्त कोरियनमध्ये बोलायला लागते, शेजारचा चिनी किंवा व्हिएतनामी विद्यार्थी पटापट उत्तरं देतो, आणि याला गृहपाठ काय दिलाय तेही कळत नाही. सत्राच्या शेवटी परीक्षा असते, उपस्थितीचीही अट असते, साधारण ८० टक्क्यांची. नापास झालात तर तीच पातळी पुन्हा. दहा आठवडे गेले, फी पुन्हा भरा.

खालच्या वर्गात बसणंही तितकंच महागात पडतं. जे येतं तेच पुन्हा ऐकत दहा आठवडे काढायचे. म्हणून इथे प्रामाणिकपणा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत वर्ग जमत नाही असं वाटलं तर बोला. बहुतेक संस्थांमध्ये वर्ग बदलून मागण्याची सोय असते. त्याची मुदत मात्र छोटी असते.

घड्याळ लावलेलं वर्ष

हे सगळं सर्वांत जास्त कुणाला लागू पडतं? ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप मिळवणाऱ्यांना. कोरियन सरकारच्या या शिष्यवृत्तीत विमानाचं तिकीट, शिक्षण शुल्क, दरमहा भत्ता हे सगळं येतं. पदवी अभ्यासक्रमाआधी एक वर्ष भाषा शिकवली जाते, आणि त्या काळात टोपिकची तिसरी पातळी गाठावी लागते. आधीच पाचवी किंवा सहावी पातळी असेल तर भाषेचं वर्ष माफ, थेट पदवीला.

हिशेब करून बघा. चार सत्रं, ८०० तास. शून्यापासून सुरू केलंत तर सगळं सुरळीत गेल्यावर वर्षाच्या शेवटी चौथी पातळी शिकून होते. त्यात एक सत्र चुकीच्या वर्गात वाया गेलं, तर तिसऱ्या पातळीचं गणितही अंगावर येतं. भारतातून निघण्याआधी दुसरी पातळी पक्की असणाऱ्याचं वर्ष आणि हंगुलसुद्धा न येणाऱ्याचं वर्ष, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्वखर्चानं जाणाऱ्यांनाही सुटका नाही. कोरियन माध्यमाच्या पदवीसाठी अनेक विद्यापीठं तिसरी किंवा चौथी पातळी मागतात. विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम करण्याची परवानगी देतानाही कोरियनची पातळी बघितली जाते. म्हणजे खोलीचं भाडं कसं निघणार, हेही काही प्रमाणात या आकड्यावर ठरतं.

'करून बघ'चा फायदा

आता चांगली बातमी. मराठी माणसाला कोरियन शिकताना जो फायदा मिळतो तो इंग्रजीतून विचार करणाऱ्याला मिळत नाही. पण आपल्यातले बरेच जण कोरियन इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि हा फायदा हातचा घालवतात.

'मी भात खातो' हे कोरियनमध्ये 'नानुन पाबुल मॉगॉयो'. मी, भात, खातो. क्रम तोच. आपण नामाला 'ला', 'ने', 'त' लावतो, तेही शब्दाच्या शेवटी प्रत्यय चिकटवतात. 'मी वाचलेलं पुस्तक' म्हणजे 'नेगा इल्गुन छेक'. इंग्रजीत इथे पुस्तक आधी येतं आणि मग 'दॅट आय रेड'. कोरियनमध्ये आणि मराठीत पुस्तक शेवटी.

त्याहून भारी म्हणजे जोडक्रियापदं. आपण म्हणतो 'खाऊन बघ'. इथे 'बघ'चा डोळ्यांशी संबंध नाही, अर्थ आहे 'चव घेऊन पाहा'. कोरियन लोक म्हणतात 'मॉगॉ ब्वा'. 'मॉगॉ' म्हणजे खाऊन आणि 'ब्वा' म्हणजे बघ! 'करून दे' म्हणजे 'हे ज्वो', आणि त्यातला 'ज्वो' म्हणजे 'दे'च. 'खाऊन टाकलं' मधला 'टाकलं' जसा काम संपवल्याचा भाव आणतो, तसाच त्यांच्याकडे 'बॉरिदा' आणतो, आणि त्याचा मूळ अर्थही टाकणं, फेकणं हाच. इंग्रजी पुस्तकात यासाठी पानभर स्पष्टीकरण असतं. आपल्याला एक ओळ पुरते.

आदरार्थाचंही तसंच. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आपल्याला कुणी नियमानं शिकवलेला नाही, तो अंगात आहे. कोरियनमध्ये मित्राच्या खाण्याला एक क्रियापद आणि आजीच्या खाण्याला दुसरं, हे ऐकून आपण दचकत नाही. आपल्याकडेही देव नैवेद्य ग्रहण करतो आणि पोरं हादडतात.

ड्रामाचं कोरियन कुठे अडतं

मग एवढं सगळं जवळचं असताना गाडी अडते कुठे? पहिली अडचण उच्चारांची. कोरियनमध्ये 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा, आणि या दोन्हींपेक्षा वेगळा, घसा आवळून काढलेला 'त्ताल' म्हणजे मुलगी. त आणि थ मधला फरक मराठी कानाला सहज कळतो. तिसरा मात्र घोटावा लागतो. स्वरांतही दोन-तीन 'ओ'सारखे वाटणारे आवाज गोंधळ घालतात.

दुसरी अडचण आकड्यांची. कोरियनमध्ये दोन अंकमाला आहेत. घड्याळातले तास एका मालेत, मिनिटं दुसऱ्या मालेत. साडेतीन म्हणजे 'सेसी सामशिप्पुन'. तिथे तीनसाठी 'से' आणि तिसातल्या तीनसाठी 'साम'. टोपिक-१ च्या ऐकण्यात वेळ, किंमत, तारीख हे नेहमीचे प्रश्न. इथे एक सेकंद विचार करत बसलात की पुढचा संवाद सुरू.

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण ड्रामातून येते. ड्रामात मित्रमैत्रिणी, प्रेमी, भावंडं एकमेकांशी अरेतुरेच्या कोरियनमध्ये बोलतात. तीच भाषा तोंडात बसते. मग प्लेसमेंटच्या मुलाखतीत शिक्षिकेनं काही विचारलं की तोंडातून 'ने'ऐवजी 'उंग' निघतं. दोन्हींचा अर्थ 'हो', पण 'उंग' म्हणजे प्राचार्यांना 'हो गं' म्हणण्यासारखं.

लेखनात तर तिसरीच तऱ्हा. टोपिक-२ चे पहिले दोन लेखी प्रश्न गाळलेल्या जागांचे. तिसऱ्यात आलेख किंवा आकडेवारी देऊन २०० ते ३०० अक्षरांत वर्णन मागतात. चौथा निबंध, ६०० ते ७०० अक्षरांचा, आणि तो चौकोनांच्या कागदावर मोकळ्या जागा सोडून लिहायचा. ही भाषा वर्तमानपत्राची. बोलण्यातलं 'हेयो' इथे चालत नाही, 'हान्दा' लागतं. छान मुद्दे मांडूनही चुकीच्या शैलीमुळे गुण जातात. निबंधाला एकट्याला ५० गुण आहेत हे लक्षात घ्या. चौथी आणि पाचवी पातळी यांत ४० गुणांचंच अंतर आहे.

आपल्या दारातली कोरियन

हे सगळं फक्त सोलला जाणाऱ्यांसाठी नाही. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प ह्युंदाईनं घेतला. रायगडमध्ये माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को आहे. कोरियातून आलेला इंजिनीअर आणि मशिनवर काम करणारा आपला माणूस यांच्यामध्ये उभं राहून बोलणारा कुणीतरी लागतोच. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही, २०२० साली, शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव घेतलं आहे. म्हणजे पुढे शिकवणारेही लागतील.

पण इथेही तोच दुहेरी हिशेब. सर्टिफिकेटवरचा आकडा तुमचा बायोडेटा टेबलावर नेतो. टेबलापलीकडे बसलेला कोरियन साहेब मात्र तुमच्याशी पाच मिनिटं बोलून स्वतःची प्लेसमेंट टेस्ट घेतो. तिथे गोल रंगवायला मिळत नाहीत. त्यामुळे टोपिकची तयारी करताना रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोलणं आणि रोज पाच ओळी लिहिणं, ज्याचे गुण टोपिक-१ मध्ये धरतही नाहीत, हेच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतं.

अर्ज भरण्याआधी

● टोपिकचा निकाल जाहीर झाल्यापासून दोन वर्षं चालतो. एफवायला मिळवलेली पातळी टीवाय संपल्यावरच्या प्रवेशाला शिळी झालेली असू शकते. प्रवेशाची तारीख आधी धरा, मग मागे मोजत परीक्षा निवडा.

● निकालाला काही आठवडे लागतात. स्कॉलरशिपची मुदत तोंडावर असताना दिलेली परीक्षा उपयोगाची नाही.

● परीक्षेच्या तारखा आणि केंद्रं दिल्लीतलं कोरियन सांस्कृतिक केंद्र आणि मुंबईतला कोरियन वाणिज्य दूतावास यांच्या सूचनांमधून तपासा. क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका.

● चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही गोल कोरा सोडू नका.

● टोपिक-२ च्या ऐकण्यात सुरुवातीचे बरेच संवाद एकदाच ऐकवतात. पर्याय आधी वाचून ठेवण्याची सवय लावा.

● वाचनाला एका प्रश्नामागे दीड मिनिटही मिळत नाही. शेवटचे उतारे लांब असतात, त्यांच्यासाठी वेळ राखा.

● 'ईपीएस-टोपिक' ही वेगळी परीक्षा. ती ठरावीक देशांतून कोरियात कामगार म्हणून जाणाऱ्यांसाठी असते आणि त्या यादीत भारत नाही. नाव सारखं दिसलं म्हणून तिची पुस्तकं घेऊन बसू नका.

● 'सहा महिन्यांत सहावी पातळी' असं कुणी सांगितलं तर त्याला एकच विचारा : एका पातळीला २०० तास, मग तुमच्या सहा महिन्यांत तास किती?